अमेरिकेतल्या मराठी प्राध्यापकांना खुले पत्र: पोस्टडॉकला बोलावण्याआधी व्हिसाचं बोला

आदरणीय सर, मॅडम,

अमेरिकेतल्या विद्यापीठांत तुमची स्वतःची लॅब आहे, तुमच्या नावावर ग्रँट आहे आणि वर्षा-दोन वर्षांनी तुम्ही पुण्याहून, मुंबईहून, नागपूरहून एखाद्या मुलाला किंवा मुलीला पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरचा संशोधक, म्हणून बोलावता. आपल्याकडच्या मुलांना संधी मिळावी म्हणून मुद्दाम बोलावता, हे मला माहीत आहे. मीही अशीच आले. पहिल्या आठवड्यात आमच्या सरांनी मला स्वतःच्या गाडीतून नेऊन गादी, कुकर आणि बर्फातले बूट घेऊन दिले. ते मी कधी विसरणार नाही. तरीही हे पत्र लिहिते आहे, कारण गादी-कुकरपेक्षा मोठी एक गोष्ट आहे आणि तिच्याकडे तुमच्यापैकी फार थोड्यांचं लक्ष आहे. ती म्हणजे आमचा व्हिसा.

'जागा आहे, ये' असा ईमेल तुम्ही लिहिता. मग विभागाच्या कार्यालयातलं कुणीतरी एक फॉर्म भरतं. त्यात व्हिसाचा प्रकार विचारलेला असतो. तिथे जे-१, म्हणजे देवाणघेवाणीचा व्हिसा, लिहिलं जातं, कारण मागच्या वेळीही तेच लिहिलं होतं. तुम्हाला कुणी विचारलंच तर 'ते इंटरनॅशनल ऑफिस बघतं' असं तुम्ही सांगता. इंटरनॅशनल ऑफिस म्हणतं, विभागाने जे मागितलं ते आम्ही दिलं. आणि येणाऱ्याला व्हिसा मिळतोय याचाच इतका आनंद असतो की कुठला मिळतोय, हे विचारायचं त्याला सुचतही नाही. पुढची पाच-सात वर्षं तो कुठे राहू शकेल, कुठे नोकरी करू शकेल, त्याच्या बायकोला काम करता येईल का, यातलं बरंचसं त्या एका रकान्यात ठरून गेलेलं असतं.

माझं सांगते. २०१६ साली बीकेसीतल्या वकिलातीत मुलाखत झाली, पासपोर्ट हातात आला. वाईला घरी गेल्यावर आईने तो देवापुढे ठेवून त्याला हळद-कुंकू लावलं. व्हिसाच्या त्या चिकटवलेल्या कागदावर खाली बारीक अक्षरांत एक ओळ होती, कलम २१२(ई), दोन वर्षांचा नियम लागू. मी ती वाचलीसुद्धा. काहीतरी नेहमीचं सरकारी असेल असं समजून सोडून दिली.

तिसऱ्या वर्षी विभागाने मला एच-१बीवर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर, घ्यायचं ठरवलं, तेव्हा त्या ओळीचा अर्थ कळला. हे कलम ज्याला लागू होतं, त्याला जे-१ नंतर एकूण दोन वर्षं मायदेशात काढल्याशिवाय एच-१बी मिळत नाही आणि ग्रीन कार्डही मिळत नाही. अमेरिकेत राहून दुसऱ्या व्हिसावर जाणं जवळजवळ बंदच होतं. हे कलम तीन कारणांनी लागू होतं. एक, येणाऱ्याला अमेरिकी किंवा भारत सरकारचा पैसा मिळालेला असेल तर. फुलब्राइट शिष्यवृत्तीवाले यात येतात. दोन, डॉक्टर इथे रेसिडेन्सी, म्हणजे रुग्णालयातलं प्रशिक्षण, करायला आला असेल तर. आणि तीन, ज्याचा विषय 'मायदेशाला या कौशल्याची गरज आहे' अशा यादीत त्याच्या देशापुढे लिहिलेला असेल तर. माझं कारण तिसरं होतं. भारताच्या नावापुढे विज्ञान-तंत्रज्ञानातल्या कितीतरी शाखा होत्या आणि त्यात माझीही होती.

यातून सुटायचा सरळ मार्ग म्हणजे भारत सरकारकडून हरकत नसल्याचं पत्र. त्याला सगळे 'नोरी' म्हणतात. भारतात परतण्याचं बंधन नाही, असं त्या प्रमाणपत्राचं नाव. त्यासाठी राज्य सरकारची संमती लागते, पासपोर्ट कार्यालयाची लागते, केंद्राच्या शिक्षण खात्याची लागते, आणि मग वकिलात अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याला कळवते. मी लॅबमध्ये, नवरा इथे. कागद फिरवायला राहिले ते आमचे अण्णा. निवृत्त शिक्षक, गुडघे दुखणारे. निळी प्लास्टिकची फाइल घेऊन वाईहून एसटीने मुंबई गाठायची, दुपारपर्यंत एका कचेरीत थांबायचं आणि संध्याकाळच्या गाडीने परत. अशा पाच खेपा झाल्या. एका खेपेला तिथल्या लिपिकाने सहज विचारलं, "काका, म्हणजे मुलगी परत येणार नाही असं तुम्हीच लिहून मागताय का?" अण्णांनी फोनवर मला हे सांगितलं आणि थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, "कागदाचं नाव तसं आहे, काय करणार. पुढच्या मंगळवारी परत बोलावलंय."

सात महिने लागले. त्यातही एक खाचखळगा होता, जो मला सुदैवाने एका सीनियर मुलीने वेळेवर दाखवला. परराष्ट्र खात्याने या बंधनातून माफीची शिफारस केली की त्यानंतर जे-१ची मुदत वाढवता येत नाही. म्हणजे आधी मुदतवाढ घ्यायची आणि मग शिफारस येऊ द्यायची. क्रम चुकला तर कागद हातात आणि व्हिसा संपलेला. हा क्रम मला विभागात कुणी सांगितला नाही. सरांना विचारलं तेव्हा ते मनापासून चकित झाले. "असं काही असतं?" म्हणाले. त्यांच्या लॅबमध्ये माझ्याआधी चार भारतीय पोस्टडॉक जे-१वर येऊन गेले होते.

आता सगळ्यात महत्त्वाची बातमी, कारण ती अजून कितीतरी लॅबपर्यंत पोचलेलीच नाही. ९ डिसेंबर २०२४ला अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने ती कौशल्यांची यादी नव्याने काढली आणि त्यातून भारताचं नाव वगळलं. हे मागल्यांनाही लागू आहे. म्हणजे ज्याच्यावर २१२(ई) फक्त त्या यादीमुळे लागलं होतं, त्याचं बंधन आता उरलं नाही. त्याने नोरीसाठी कुणाला खेपा घालायला लावायची गरज नाही. सरकारी पैशावर आलेल्यांचं आणि रेसिडेन्सीवाल्या डॉक्टरांचं बंधन मात्र आहे तसंच आहे. तुमच्या लॅबमध्ये आज कुणी असेल, ज्याच्या जुन्या व्हिसावर ती ओळ छापलेली आहे आणि म्हणून तो एच-१बीचा विचारच सोडून बसला आहे, तर त्याला बोलवा आणि सांगा. शंका राहिली तर परराष्ट्र खात्याकडून लेखी मत मागवता येतं. इंटरनॅशनल ऑफिस त्यात मदत करतं, पण विचारल्यावर. आपण होऊन प्रत्येकाला शोधून सांगणं त्यांना जमत नाही. दोन-चार माणसं असतात आणि शेकडो फायली.

जे-१ वाईट आहे असं माझं म्हणणं नाही. उलट, पहिल्यांदा येणाऱ्या पुष्कळांसाठी तोच चांगला. कागद लवकर होतात, संशोधकाला एकूण पाच वर्षं मिळतात, पहिली दोन कॅलेंडर वर्षं सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरची ७.६५ टक्के कपात सहसा होत नाही. आणि नवऱ्याला किंवा बायकोला जे-२ या जोडीदाराच्या व्हिसावर कामाच्या परवान्यासाठी अर्ज करता येतो. एच-१बीवाल्याच्या जोडीदाराला ती सोय सहसा तेव्हाच मिळते, जेव्हा ग्रीन कार्डच्या वाटेवरचा आय-१४० हा अर्ज मंजूर होतो. ही एवढी मोठी गोष्ट, पण आम्हाला दोघांना माहीतच नव्हती. माझा नवरा पुण्यात चांगल्या नोकरीवर होता, ती सोडून आला आणि 'डिपेंडंट म्हणजे काम नाही' असं धरून चौदा महिने घरात बसला. हिवाळ्यात मी संध्याकाळी घरी यायचे तर तो अंधारात खिडकीशी बसलेला असायचा, दिवा लावायचंही त्याच्या लक्षात आलेलं नसायचं. महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत आरतीनंतर प्रसादाच्या रांगेत एका काकूंनी विचारलं, "जे-२ ना? मग परवाना का नाही काढला?" तिथे आम्हाला ते कळलं. विद्यापीठाच्या चार इमारतींत नाही कळलं.

करांचंही असंच एक आहे. भारत-अमेरिका करारानुसार संशोधकाला दोन वर्षांपर्यंतच्या उत्पन्नावर सूट मिळते. पण मुक्काम दोन वर्षांच्या वर गेला तर ती सूट पहिल्या दिवसापासून जाते आणि मागचा सगळा कर भरावा लागतो. तीन वर्षांसाठी येणाऱ्या पोराने ही सूट घेतली तर तो स्वतःसाठी खड्डा खणतो आहे. त्याला हे पहिल्या पगाराआधी कळायला हवं.

आणि आता ज्या गोष्टीने मला हे पत्र लिहायला बसवलं, ती. माझा एक मित्र आहे, लातूर जिल्ह्यातला. एका विद्यापीठात जे-१ रिसर्च स्कॉलर म्हणून आला. आठ महिन्यांत ग्रँट आटली. प्रोफेसरांनी वाईट वाटून सांगितलं, महिनाअखेर थांबावं लागेल. तो सरळ माणूस, सामान बांधून घरी गेला. तीन महिन्यांत त्याला दुसऱ्या विद्यापीठातून बोलावणं आलं, एका मराठी मॅडमच्याच लॅबमधून. गावाकडे पेढे वाटून झाले. आणि मग तिथल्या इंटरनॅशनल ऑफिसचा ईमेल आला की रिसर्च स्कॉलरचा कार्यक्रम एकदा संपला की पुढचे २४ महिने त्याच प्रकारात पुन्हा येता येत नाही. पाच वर्षांतले आठ महिनेच वापरले होते. उरलेली चार वर्षं चार महिने बुडाली. नियमच तसा आहे: खिडकी एकदा बंद झाली की आत किती वेळ होतात, याला अर्थ नाही.

हे टाळता आलं असतं का? आलं असतं. कार्यक्रम संपायच्या आत नवी जागा मिळाली असती तर त्याचं रेकॉर्ड एका विद्यापीठाकडून दुसऱ्याकडे हस्तांतरित झालं असतं आणि पाच वर्षांचं घड्याळ चालू राहिलं असतं. जाण्याआधी कुणी एवढंच म्हटलं असतं की 'घाई करू नको, आधी दोन महिने शोध, मी माझ्या ओळखीच्या चौघांना लिहितो', तर आज तो लॅबमध्ये असता. आणि सहा महिन्यांच्या आतलंच काम असेल, तर शॉर्ट-टर्म स्कॉलर हा वेगळा प्रकार आहे, त्याला ही २४ महिन्यांची अट लागत नाही. एखाद्याला तुम्ही 'चार महिने येऊन ही पद्धत शिकून जा' म्हणून बोलावत असाल, तर रकान्यात चुकून रिसर्च स्कॉलर लिहू देऊ नका. चार महिन्यांच्या मोबदल्यात तुम्ही त्याची पुढची दोन वर्षं अडवाल. तो मित्र सध्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवतो. तक्रार करत नाही. मलाच राहवत नाही.

२०२५मध्ये हे सगळं आणखी अवघड झालं. १९ सप्टेंबरला घोषणा झाली आणि २१ तारखेपासून देशाबाहेरच्या माणसासाठी नवा एच-१बी अर्ज करायचा तर मालकाने एक लाख डॉलर भरायचे, असं ठरलं. विद्यापीठांच्या अर्जांना सोडतीतून जावं लागत नाही ही एच-१बीची मोठी सोय होती, पण या रकमेतून विद्यापीठांना सरसकट सूट नाही. एनआयएच या आरोग्य-संशोधनाला पैसे देणाऱ्या सरकारी संस्थेच्या २०२४च्या तक्त्यानुसार नव्या पोस्टडॉकचा वर्षाचा पगार ६१,००८ डॉलर. म्हणजे दीड वर्षाच्या पगाराहून जास्त पैसे फक्त दारात भरायचे. कुठला विभाग भरेल? त्यामुळे भारतातून थेट येणाऱ्या बहुतेकांसाठी जे-१ हाच मार्ग उरतो, आणि म्हणूनच तो नीट समजून घेणं पूर्वीपेक्षा जास्त गरजेचं झालं आहे.

२० ऑक्टोबर २०२५च्या सरकारी खुलाशाने एक दार उघडं ठेवलं. जो आधीच अमेरिकेत वैध व्हिसावर आहे आणि इथेच राहून एच-१बीवर बदल मागतो, त्याला ती रक्कम नाही. म्हणजे जे-१वर आलेला, ज्याच्यावर २१२(ई) नाही, तो इथूनच एच-१बीवर जाऊ शकतो. मात्र निकाल यायच्या आत तो देशाबाहेर गेला तर सवलत गेली. सांगा बरं, हे तुमच्या पोस्टडॉकला माहीत आहे का? भावाच्या लग्नाला म्हणून तो दहा दिवस कोल्हापूरला गेला तर त्याची किंमत एक लाख डॉलर होऊ शकते. त्याला रजा मंजूर करताना हे सांगणारं तुमच्याशिवाय कोण आहे?

प्रवासाचा विषय निघालाच आहे तर, बहुतेक विभाग डीएस-२०१९, म्हणजे जे-१ची मुदत ठरवणारा कागद, एका वर्षाचा काढतात. पैसे वर्षाचेच मंजूर आहेत, पुढचं पुढे बघू, असा त्यामागचा विचार. पण माझ्या व्हिसावर तेवढीच तारीख पडली. मग पहिल्याच दिवाळीला घरी गेले तर परत यायला नवं स्टॅंपिंग, म्हणजे पासपोर्टवर नवा व्हिसा, आणि त्यासाठी वकिलातीतली नवी वेळ. त्या काळी मुलाखतीशिवाय ड्रॉपबॉक्समध्ये कागद टाकून काम व्हायचं. २ सप्टेंबर २०२५पासून ती सोय जवळजवळ संपली, मुलाखत आलीच. कॅनडा-मेक्सिकोत जाऊन शिक्का मारून यायची वाटही गेली, आपल्याच देशात अर्ज करा म्हणतात. शिवाय जून २०२५पासून जे-१चा अर्ज करणाऱ्यांना सोशल मीडियाची खाती सगळ्यांना दिसतील अशी ठेवायला सांगितलं आहे. अशा वेळी ग्रँट तीन वर्षांची असताना डीएस-२०१९ एका वर्षाचा काढणं म्हणजे माणसाला विनाकारण तीनदा त्याच दारात उभं करणं. पैशाचा पुरावा असेल तर विद्यापीठ जास्त वर्षांचा काढू शकतं. तुम्ही सांगितलं तर काढतं.

तुमच्यापैकी काही जण १९८०-९०च्या दशकात आलात. 'थांब रे, होईल ग्रीन कार्ड, आमचंही झालं' असं तुम्ही धीर द्यायला म्हणता. ते ऐकायला बरं वाटतं, पण त्यावर विसंबून आयुष्याचे निर्णय घेतले जातात. २०२५च्या अखेरीस ग्रीन कार्डच्या ईबी-२ या उच्चशिक्षितांच्या प्रवर्गात भारतीयांच्या रांगेत २०१३ साली अर्ज केलेल्यांचा नंबर चालू होता. म्हणून रांगेत नाव लवकर लागणं हेच महत्त्वाचं. तुमच्या पोस्टडॉकचे पेपर चांगले असतील तर नॅशनल इंटरेस्ट वेव्हरचा, म्हणजे देशहिताच्या आधारावर ग्रीन कार्डसाठीचा, अर्ज तो स्वतः करू शकतो, त्याला विद्यापीठाची सही लागत नाही. तुमचं पत्र लागतं. जे-१वर असताना असा अर्ज केला तर पुढच्या मुलाखतीत अडचण येऊ शकते, एच-१बीवर तशी येत नाही, तेव्हा वेळ ठरवून करावा लागतो. हे वकिलाला विचारून करायचं काम आहे, आणि विद्यापीठाचा वकील हा विद्यापीठाचा असतो हेही त्याला सांगा. थोडे पैसे देऊन तासभर स्वतःच्या वकिलाशी बोललेलं बरं.

आणि ग्रँट बंद होते तेव्हा. २०२५मध्ये अनेक लॅबवर ही वेळ आली. तुमच्यावर काय गुजरलं असेल याची मला कल्पना आहे. पण एच-१बीवाल्याला नोकरी गेल्यावर ६० दिवसांपर्यंत इथे थांबायची मुभा असते आणि मुदतीआधी काढलं तर मायदेशी जायचं भाडं मालकाने द्यायचं असतं. जे-१वाल्याला कार्यक्रम पुरा झाल्यावर ३० दिवस, तेही सामान आवरून निघायला, काम करायला नाही. म्हणून पैसे संपणार असं तुम्हाला ज्या दिवशी कळतं, त्याच दिवशी त्याला सांगा. सांगायला जड जातं म्हणून तुम्ही दोन महिने गप्प राहता, पण नवी जागा शोधायला त्याला मिळणार होते तेच ते दोन महिने.

मी तुमच्याकडून कायद्याचं ज्ञान मागत नाही. जागा देण्याआधी येणाऱ्याशी अर्धा तास मराठीत बोला. लग्न झालंय का, जोडीदाराला काम करायचंय का, आधी कधी जे-१वर येऊन गेलास का, कुणाची शिष्यवृत्ती आहे का, किती वर्षं राहायचा विचार आहे, भारतात परत जायचंय का. हे प्रश्न इंग्रजी फॉर्मवर कुणी विचारत नाही, आणि विचारले तर आपली मुलं संकोचाने 'सगळं ठीक आहे' म्हणतात. मग इंटरनॅशनल ऑफिसला एक ईमेल लिहा आणि त्यात त्याला सीसी करा. माझा अनुभव आहे, माझ्या एकटीच्या ईमेलला दोन आठवडे उत्तर नसायचं, सरांच्या नावाने गेला की दुपारपर्यंत यायचं.

आणि हे पत्र वाचून झाल्यावर, जमलं तर आजच, तुमच्या लॅबमधल्या प्रत्येकाला त्याच्या डीएस-२०१९वरची शेवटची तारीख विचारा, आणि पासपोर्ट उघडून व्हिसाच्या तळाशी काय छापलं आहे ते बघायला सांगा.

आपली,
वाईची, तुमच्यापैकीच एकांच्या लॅबमध्ये पाच वर्षं काम केलेली एक विद्यार्थिनी